जोडडोणीचे नेम

"थोरले, ये गं... धाकले, ये गं... कुणी पुढं नको, कुणी मागं नको, दोघी मिळून ये गं..."

हरिचंद्राच्या कानात हा आवाज अजून होता. साठी जवळ आली होती, अंबरनाथच्या कारखान्यातल्या यंत्रांनी डावा कान निम्मा खाऊन टाकला होता, तरी हा आवाज आत कुठंतरी कोरडा, सुरक्षित राहिला होता. भिवाबाबाचा आवाज. तो ऐकला तेव्हा हरिचंद्र इतका लहान होता की बापाच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये मावत असे. डोणीत बसलं की नदी डोळ्यांच्या उंचीला यायची. अश्विनातलं निवळलेलं पाणी, वर भाताच्या लोंब्यांचा वास, आणि काठावरून, डोणींच्या बरोबरीनं धावत, धोतराचा सोगा एका हातात धरून साद घालणारा भिवाबाबा. बाप वल्हं मारायचा तो त्या आवाजावर. सगळेच मारायचे.

बदलापूरला उल्हास नदीच्या डोहावर तेव्हा जोडडोणींची शर्यत होत असे. डोण म्हणजे आंब्याचं एक अख्खं खोड आतून कोरून केलेली होडी, अरुंद आणि लांब. एकटी डोण लहरी; जरा कूस बदलली की उलटायची. म्हणून पैलतीराचं गवत आणायचं, बैल उतरवायचा, तर दोन डोणी शेजारी शेजारी ठेवून आडव्या बांबूंनी जोडायच्या. डावीकडची ती थोरली, उजवीकडची ती धाकली. एका डोणीत दोन माणसं, दुसरीत दोन. आता या चौघांचा हात एकाच वेळी पाण्यात पडला तर जोडी बाणासारखी जाते, आणि थोरलीनं जास्त ओढलं, धाकलीनं कमी, तर जोडी जागच्या जागी फुगडी घालते. हात सारखा पाडायचा तर साद लागते. भिवाबाबाची साद होती म्हणून नवान्नाच्या पुनवेला अख्खा डोह एका दमात श्वास घ्यायचा.

छप्पन साली भिवाबाबानं दीक्षा घेतली, गावकीची सगळी कामं सोडली, त्यात साद घालणंही सोडलं. "आता आवाज माझ्या घरचा," एवढंच म्हणाला म्हणतात. पुढं प्रत्येक जोडीनं आपापला साद घालणारा डोणीत बसवला. ओरडायचे सगळे. ऐकू काहीच यायचं नाही.

शर्यतीचे नेम हरिचंद्राच्या घरात होते. कागदावर नव्हे, तोंडात. शर्यत सुटायच्या आधी त्या घरच्या पुरुषानं गुडघाभर पाण्यात उभं राहून ते म्हणायचे आणि मग नारळ फोडून नदीला द्यायचा. आज्यानं म्हटले, बापानं म्हटले, बाप गेल्यावर हरिचंद्र म्हणू लागला:

*एका खोडाची डोण, दोन घरांची जोडी*
*काथ्यानं बांधावी, खिळ्याला नाही गोडी*
*तीन जोड्या पाण्यात, तरच सुटावी दोरी*
*नाहीतर उल्हासमाई, तुझी ओटी कोरी*

यातलं 'दोन घरांची जोडी' हे मोठं सुंदर होतं. एका घरात एकच डोण. जोडी करायची तर दुसऱ्या घराचं दार वाजवावं लागे. भावाभावांत भांडणं असोत, बांधावरून कोर्टात केस चालू असो, पुनवेच्या सकाळी दोन घरची माणसं एकमेकांसमोर उकिडवी बसून काथ्या भिजवायची, बांबू बांधायची. ज्यांच्या डोणी एकदा जोडल्या गेल्या त्यांना जोडघर म्हणत. हरिचंद्राचं जोडघर रामभाऊचं.

मग दिवस बदलले. कुळगावात शेतं होती तिथं चाळी झाल्या, चाळी होत्या तिथं इमारती. पैलतीराचं गवत कुणाला नको होतं, कारण बैल नव्हते. डोणी परसात उपड्या पडल्या, त्यांवर कोंबड्या बसू लागल्या. त्र्याऐंशी साली एका घरची डोण चिरली, आणि दुसरी करावी तर तेवढं जाड आंब्याचं खोड मिळेना. तेव्हा हरिचंद्रानं पहिला नेम बदलला. फळ्यांची डोण चालेल, माप मात्र तेच हवं.

बदलणं सोपं नव्हतं. नेम ओवीत होता. रात्रपाळी संपवून आलेला हरिचंद्र ओटीवर बसून बोटांवर ठोके मोजायचा. 'एका खोडाची' गेलं, 'एका मापाची' आलं. रखमा, त्याची बायको, आतून तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "बसलं का तुमचं माप? का मी चहा परत टाकू?"

अठ्ठ्याऐंशी साली चंदरनं वेगळाच उद्योग केला. चंदर गोदूबाईचा शेजारी, रिक्षा चालवायचा, आणि दोघांच्या डोणी जोडीच्या. त्याच्या डोणीला वाळवी लागली. तो गेला उल्हासनगरच्या कॅम्प नंबर एकमध्ये, गोबिंदराम सिंध्याकडे. गोबिंदराम फायबरच्या पाण्याच्या टाक्या करायचा. चंदरनं कुजकी डोण टेम्पोत घालून नेली आणि त्याच्यापुढं ठेवली.

"साईं, ये क्या है? घोडे का पलंग?"

"नाव है. इसका कॉपी मंगता."

"कॉपी तो मैं तेरा भी बना देगा, वडी. एक लेगा कि दो? दो में सस्ता पडेगा."

"दोन नाय चालत. नेम हाय आमचा."

डोण झाली देखणी. आकाशी रंगाची, आरशासारखी गुळगुळीत. पुनवेला चंदरनं ती गोदूबाईच्या लाकडी डोणीला जोडली आणि चौघे ऐटीत बसले. दोरी सुटली. बाकीच्या जोड्या गेल्या. चंदरची जोडी डोहाच्या मधोमध गरागरा फिरत राहिली. फायबरची धाकली पिसासारखी हलकी, लाकडाची थोरली जड. कितीही वल्हवा, हलकी पळायची आणि थोरलीभोवती घिरट्या घालायची. काठावर माणसं हसून हसून खाली बसली. शेवटी चंदर पाण्यात उतरला, काठावर आला, गोदूबाईच्या घरात शिरला आणि तिचा पाटा-वरवंटा उचलून आणून फायबरच्या डोणीत टाकला. तेव्हा जोडी सरळ झाली. शर्यत कधीच संपली होती, तरी त्यांनी ती पुरी केली.

"माझ्या पाट्यावर सून वाटण वाटायची हाय रे," गोदूबाई काठावरून बोलत होती. "नदी काय मिरची खाणार हाय?"

त्या वर्षी 'एका मापाची' जाऊन 'एका वजनाची डोण' आलं. पुनवेच्या सकाळी दोन्ही डोणी पाण्यात सोडून बघायच्या, हलकीत दगड टाकायचे, दोघींची कड पाण्याला सारखी टेकली की मगच बांधायच्या. काथ्या मिळेनासा झाला तेव्हा नायलॉनचा दोर आला. पोरं कामधंद्याला पांगली तेव्हा कात्रपच्या भाडेकरूंची पोरं वल्ह्याला बसू लागली. साताऱ्याकडची, खानदेशातली, पोहता न येणारी. हरिचंद्र प्रत्येक वेळी गुडघाभर पाण्यात उभा राहून सांगायचा, हा नेम असा होता, आजपासून तो असा आहे. लोक मान डोलवायचे. नेम पातळ होत चालला होता, पण शर्यत चालली होती.

फक्त शेवटच्या दोन ओळींना त्यानं हात लावला नाही.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात रामभाऊनं घर बिल्डरला दिलं आणि तो कात्रपला फ्लॅटमध्ये गेला. तिसऱ्या मजल्यावर. डोण कुठं ठेवणार? वर्षभर ती मोकळ्या प्लॉटवर उघड्यावर पडली. गणपतीनंतर हरिचंद्र तिला बघायला गेला, कडेला बोटानं दाबलं, तर बोट आत गेलं. ओल्या भाकरीसारखी झाली होती.

आता पाच डोणी उरल्या. शंकरराव आणि नाथा ही एक जोडी, चंदर आणि गोदूबाई ही दुसरी, आणि हरिचंद्राची एकटी.

"काका, दोन जोड्यांवर चालवू," चंदर म्हणाला. "नेमच बदलायचा ना? तुमच्याच तोंडात हाय."

"आज दोन म्हणेन, पुढल्या साली एक म्हणेन. एका जोडीची शर्यत कुणाशी रे?"

"मग गोबिंदरामला सांगू, अजून एक बनव म्हणून."

"डोण तो बनवील. घर कुठून आणू?"

नव्या इमारतीत कुणाला डोण नको होती. घरोघर विचारून झालं होतं. लोक चहा देत, जुन्या गोष्टी काढत, आणि डोण ठेवण्याचं नाव काढलं की पार्किंगचं बोलत.

पुनव आठ-दहा दिवसांवर आली तेव्हा रखमा म्हणाली, "सुदामभाऊंची हाय की."

हरिचंद्रालाही ते ठाऊक होतं. फार दिवसांपासून ठाऊक होतं.

सुदाम हा भिवाबाबाचा मुलगा. हरिचंद्र आणि तो अंबरनाथच्या एकाच कारखान्यात, एकाच खात्यात तीस वर्षं. एकाच डब्यातलं खायचे. सुदाम फिटर, हाताचा नेटका. कारखान्याच्या गेटाच्या आत तो हरिचंद्राला 'हऱ्या' म्हणायचा. संध्याकाळी कुळगावच्या रस्त्याला लागलं की 'हरिभाऊ'. हे दोघांपैकी कुणी ठरवलं नव्हतं. आणि सुदामच्या घरामागं, बुद्धवाडीच्या टोकाला, पत्र्याच्या पडवीत भिवाबाबाची डोण होती. सुदाम दर उन्हाळ्यात तिला करंजाचं तेल पाजायचा. पुरात तीच डोण माणसं काढायला धावायची, तेव्हा कुणी काही विचारायचं नाही. पाणी ओसरलं की ती पुन्हा पडवीत. एका खोडाची, कुठं भेग नाही. आज्याच्या वेळचे सगळे नेम ज्या डोणीला लागू पडतील अशी बदलापुरात ती एकच उरली होती, आणि ती शर्यतीत कधीच नव्हती.

हरिचंद्र रविवारी सकाळी गेला. सुदाम अंगणात सायकलचं चाक सरळ करत बसला होता. त्याची मुलगी पद्मजा, उल्हासनगरला एका ऑफिसात टायपिस्ट, कपडे वाळत घालत होती.

"या हरिभाऊ. काय, पेन्शनीचं काही कळलं का?"

"पेन्शनीचं नाय आलो. डोणीचं आलो."

सुदामनं चाक फिरवून बघितलं. "रामभाऊची गेली म्हणे."

"गेली. आता माझी एकटी. तुझी जोडलीस तर तीन होतात."

पद्मजाच्या हातातली साडी दोरीवर तशीच अर्धी राहिली. सुदाम उठला, हात पुसले, आत जाऊन दोन खुर्च्या घेऊन आला. बसला. हरिचंद्र घाईनं बोलू लागला. "जोडघर होऊ आपण. तू थोरलीत बैस, साद घाल. तुझ्या बापासारखी. आणि नेमात काय अडचण नाय बघ, मी सगळे नेम म्हणून बघितले. कुठंच तसं काही नाही."

"कसं काही?"

"म्हणजे... तुम्ही येऊ नये, असं. नेमात नाहीच ते. कधीच नव्हतं."

"अस्सं," सुदाम म्हणाला. "मग माझा बाप काठावरून का पळायचा?"

पद्मजा साडीच्या आडून म्हणाली, "काका, आजोबांच्या पायात काटे असायचे. आजी सुईनं काढायची, पुनव झाली की. मला आजीनं सांगितलंय."

हरिचंद्रानं खुर्चीचा हात चाचपला. परसातून कोंबडीचा आवाज येत होता.

"डोण होती आमच्याकडं, तेव्हापण होती," सुदाम संथपणे म्हणाला. "तीच. बापानं स्वतः कोरली. मी विचारायचो, आपली डोण का नाय न्यायची? तो म्हणायचा, नेम नाय. मी विचारायचो, कुठला नेम? मी तर चारी ऐकले. तो गप्प व्हायचा."

"झालं गेलं सुदाम. आता कोण अडवतंय?"

"कुणी नाही. तेच तर." सुदाम पुढं झुकला, आणि बुद्धवाडीच्या अंगणात, पहिल्यांदाच, गेटाच्या आतलं नाव त्याच्या तोंडी आलं. "हऱ्या, तू खोडाचा नेम बदललास, वजनाचा केलास. दोराचा बदललास. पोरांचा बदललास. मी दरसाल वरच्या रस्त्यावर उभा राहून ऐकत होतो. तू प्रत्येक नेम आधी बोललास, असा होता म्हणून, आणि मग मोडलास. हा पण तसाच मोड. आधी बोल."

"जो नेम कधी बोललाच नाही कुणी, तो बोलू कसा?"

"ते तू बघ. तुझ्या घरचं काम आहे ते." सुदाम म्हणाला, "माफी नको मला. तिचं मी काय करू. पण नेम नव्हताच असं म्हणत मी गुपचूप पाण्यात उतरलो, तर त्याचा अर्थ काय होईल? बाप उगाच पळाला. हौस होती म्हणून पळाला. नाव घेऊन बोललास तर मी डोण उतरवीन. नाहीतर ती पडवीत बरी आहे."

पद्मजानं चहा आणला. हरिचंद्रानं तो प्यायला. निघताना सुदाम फाटकापर्यंत आला आणि नेहमीसारखं म्हणाला, "सावकाश जा, हरिभाऊ."

गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी शंकरराव स्वतः हरिचंद्राच्या ओटीवर आले. शंकररावांच्या जमिनी गेल्या होत्या आणि इमारती उभ्या राहिल्या होत्या. तरी त्यांच्या घरची डोण त्यांनी पत्र्याची शेड बांधून जपली होती, हेही खरं. शर्यतीवर त्यांचं प्रेम होतं.

"सुदामला घे की," ते म्हणाले. "मी नाही म्हणतो का? माझ्या ऑफिसात त्यांचे दोघे कामाला आहेत. शिकलेली, स्वच्छ पोरं. जमाना बदलला. पण ते बोलायचंबिलायचं काय काढलंयस?"

"त्याची तेवढीच अट आहे."

"अरे पण नसलेला नेम बोलणार काय तू? चारशे माणसं असतात काठावर. पोराबाळांपुढं, बायाबापड्यांपुढं आमच्या बापजाद्यांची नावं घेणार? कुणी सांगितलं होतं भिवाला काठावरून पळ म्हणून? हौस होती त्याला. नाच्या माणूस. आवाज होता, पळायचा."

हरिचंद्रानं मान वर केली. शंकरराव ते अगदी सहज बोलले होते. वाईट हेतूनं नव्हे. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

"तसलं काही बोललास," शंकरराव उठता उठता म्हणाले, "तर मी डोण बाहेर काढीन. नाथापण काढील. मग तुझी आणि सुदामची, दोघांची जोडी घेऊन बसा डोहात. सरळ सांगतो, मागून बोलू नको."

ते गेल्यावर रखमा दारात येऊन उभी राहिली.

"बोललो तर शंकरराव जातात," हरिचंद्र म्हणाला. "नाही बोललो तर सुदाम येत नाही. कसंही केलं तरी शर्यत जाते."

"मग कसंही करा."

"म्हणजे?"

"म्हणजे शर्यतीचं सोडा घटकाभर." रखमा उंबऱ्यावर टेकली. "तुम्ही नेमाचे धनी ना? धन्याला सगळे नेम ठाऊक पाहिजेत. ठाऊक हाय का तुम्हाला तो?"

हरिचंद्र हसला नाही. पुढचे दिवस तो ओटीवर बोटं मोजत बसला. ओवी त्याच्या ओठांवर यायची, पहिल्या चार ओळी धावत निघायच्या आणि पाचवीपाशी थांबायच्या. त्यानं शब्द इकडचे तिकडे केले, जोडी-गोडी, दोरी-कोरी, सगळी यमकं लावून पाहिली. कुठलंही यमक लावलं की ती गोष्ट गोड होत होती. लेकीच्या लग्नातल्या गाण्यासारखी. आणि ती गोड करायची नव्हती. त्याला बाप आठवे. बापाचे गुडघे, बापाच्या छातीतून येणारा दम. बाप चांगला माणूस होता. भिवाबाबा धापा टाकत शर्यतीच्या शेवटाला पोचला की बाप त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचा. वरून. हे हरिचंद्राला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिसलं, आणि दिसल्यावर त्याला कुठं बघावं ते कळेना.

पुनवेला आभाळ स्वच्छ होतं. डोहावर ऊन पडलं होतं, वारा नव्हता. चंदरनं फायबरच्या डोणीत गोदूबाईचा पाटा ठेवून कड जुळवली. गोदूबाईनं आता त्यासाठी जुना पाटा वेगळाच काढून ठेवला होता. शंकरराव आणि नाथा काठाशी आपली जोडी बांधून बसले होते, वल्ही आडवी धरून. शंकररावांचा नवा पांढरा शर्ट होता. हरिचंद्राची डोण शेजारी एकटी उभी होती. एकटी असल्यामुळं ती जरा जरा हलत होती, थांबत नव्हती.

वरच्या रस्त्यावर एक टेम्पो येऊन उभा राहिला. त्यात तेलानं काळीभोर झालेली भिवाबाबाची डोण होती. सुदाम टेम्पोच्या फाळक्याला हात लावून उभा राहिला. पद्मजा त्याच्या शेजारी. फाळका त्यांनी उघडला नाही. काठावरच्या माणसांनी वर पाहिलं, मग हरिचंद्राकडं पाहिलं, मग पाण्याकडं.

हरिचंद्र धोतर खोचून पाण्यात उतरला. पाय गार पडले. रखमानं नारळ त्याच्या हातात दिला आणि ओटीचं सूप घेऊन मागं उभी राहिली. त्यानं घसा साफ केला.

*एका वजनाची डोण, दोन घरांची जोडी...*

आवाज चांगला लागला. ओळीमागून ओळ आली. 'तुझी ओटी कोरी' म्हणून झालं तेव्हा नाथानं वल्हं सरळ केलं, चंदरनं जोडीचा दोर घट्ट ओढला. दरवर्षी इथं नारळ फुटायचा. नाथानं डोणीतूनच नारळ फोडायला दगड पुढं केला.

हरिचंद्रानं नारळ दिला नाही. छातीशी धरून तो तसाच उभा राहिला.

"काका," चंदर हळूच म्हणाला. "झाले की चार."

"थांब."

काठ गप्प होत गेला. कुणीतरी पोराला दटावून गप्प केलं. हरिचंद्राला शंकररावांची नजर मानेवर जाणवत होती, पण त्यानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. टेम्पोकडंही पाहिलं नाही. त्यानं पाण्याकडं पाहिलं, आणि गाण्याचा आवाज टाकून देऊन, घरात बोलावं तसं तो बोलू लागला. आवाज लहान होता, पण डोहावर वारा नव्हता, त्यामुळं तो शेवटपर्यंत गेला.

"अजून एक नेम आहे. तो ओवीत बसत नाही, मी बसवून बघितला. बापानं तो मला शिकवला नाही. आज्यानं बापाला शिकवला नाही. शिकवायची गरजच नव्हती, गावात सगळ्यांना तो पाठ होता. मलापण होता, आणि मी गप्प बसलो. तो नेम असा. महारवाड्याची डोण या पाण्यात उतरणार नाही. महारवाड्याचा माणूस डोणीत बसणार नाही. त्याचा आवाज आम्हाला चालेल, तो त्यानं काठावरून द्यावा, काट्यांतून पळत. भिवाबाबाला हौस नव्हती. त्याच्याकडं डोण होती, आणि आपण त्याला पळवला. खोडाचा नेम मोडला, मापाचा मोडला, दोराचा मोडला, हा एक कधी मोडला नाही. आज मी तो तुमच्यासमोर बोललो, आणि आज मोडतो. कुणाला जायचं असेल त्यानं डोण काढून न्यावी. सुदाम, तुझी उतरव."